महापालिकेच्या गाड्यांची फिरती धुलाई: ठेका देण्याआधी आणि दिल्यानंतर विचारले जाणारे प्रश्न

हे पान महाराष्ट्रातल्या महापालिका-नगरपरिषदांच्या वाहन विभागातले अभियंते, आरोग्य निरीक्षक, लेखा विभाग आणि हे काम घेऊ पाहणारे छोटे-मोठे ठेकेदार यांच्यासाठी आहे. उदाहरणं मध्यम शहराची घेतली आहेत: ६० घंटागाड्या, पाच-सहा कॉम्पॅक्टर (कचरा दाबून भरणाऱ्या मोठ्या गाड्या), काही टिपर आणि टँकर, तीन रुग्णवाहिका, दोन शववाहिन्या आणि अधिकाऱ्यांच्या वीसेक कार-जीप. आकडे हिशेब समजावा म्हणून आहेत. आपल्या शहराचे आकडे घालून तो पुन्हा मांडावा.

फिरती धुलाई म्हणजे नेमकं काय?

ठेकेदाराचा एक छोटा टेम्पो असतो. त्यावर ५०० ते १००० लिटरची पाण्याची टाकी, प्रेशर पंप, जनरेटर, रीलवर गुंडाळलेला पाइप, फोम मारायचं साधन आणि व्हॅक्यूम. गाड्या धुलाईकडे जाण्याऐवजी धुलाई गाड्यांकडे येते. घंटागाड्या जिथे रात्री उभ्या राहतात त्या शेडवर किंवा कोठीवर हा टेम्पो ठरलेल्या वेळी येतो, गाड्या धुतो आणि पुढच्या शेडवर जातो. ‘फिरती’ याचा अर्थ रस्त्याच्या कडेला कुठेही पाइप सोडणं नव्हे. जागा ठरलेलीच हवी. ती का, हे सांडपाण्याच्या प्रश्नात पाहू.

आमच्या मध्यवर्ती कार्यशाळेत वॉशिंग रॅम्प आहे. मग याची गरज काय?

रॅम्पवर गाडी न्यायला काय पडतं ते आधी मोजा. शेडपासून कार्यशाळा ९ किलोमीटर असेल तर घंटागाडीचा फेरा १८ किलोमीटरचा. लिटरला १५ किलोमीटर धरले तर १.२ लिटर डिझेल, शिवाय वाहतूक आणि रांग धरून चालकाचे दीड-दोन तास. साठ गाड्यांनी आठवड्यातून तीनदा हे करायचं तर ते कागदावरच राहतं, आणि बहुतेक ठिकाणी राहिलंही आहे. चालक शेडवरच बादलीभर पाणी मारतो आणि लॉगबुकात ‘वॉशिंग केले’ लिहितो.

शहर लहान असेल, दोन-तीनच शेड असतील आणि त्या कार्यशाळेजवळ असतील, तर मात्र फिरत्या धुलाईचा मोह टाळा. त्याच पैशांत रॅम्प दुरुस्त करा, चांगला पंप बसवा आणि दोन माणसं नेमा. गाड्या शहरभर विखुरलेल्या असतील तरच हा ठेका परवडतो.

निविदेआधी सगळ्यात पहिली कोणती फाइल उघडावी?

घंटागाडीच्या ठेक्याची. बऱ्याच शहरांत कचरा वाहतूक आधीच ठेक्यावर असते आणि गाडी स्वच्छ ठेवणं, रंगरंगोटी, दुरुस्ती ही त्याच ठेकेदाराची जबाबदारी असते. तसं असताना धुलाईचा वेगळा ठेका काढला तर एकाच कामाचे पैसे दोनदा जातात आणि लेखापरीक्षणात तो आक्षेप हमखास येतो. सिटी बस भाडेतत्त्वावर असतील तर तिथेही तेच. प्रति किलोमीटर दराच्या करारात बसची स्वच्छता सहसा चालवणाऱ्या कंपनीकडे असते.

म्हणून गाड्यांची यादी तीन रकान्यांत करा: पालिकेच्या मालकीच्या आणि पालिकेनेच चालवलेल्या, पालिकेच्या मालकीच्या पण ठेकेदाराने चालवलेल्या, आणि पूर्ण ठेकेदाराच्या. नव्या निविदेत फक्त पहिला रकाना घ्या. दुसऱ्या रकान्यासाठी जुन्या करारातलं कलम वाचा. धुलाई त्यात असेल आणि होत नसेल, तर उपाय दंडाचा आहे, नव्या ठेक्याचा नाही.

कोणत्या गाड्या किती वेळा धुवाव्यात?

सगळ्यांना एकच वेळापत्रक लावणं ही नेहमीची चूक. ‘सर्व वाहने आठवड्यातून दोनदा’ असं लिहिलं की अधिकाऱ्याची कार गरजेपेक्षा जास्त धुतली जाते आणि ओल्या कचऱ्याची घंटागाडी कुजत राहते.

घंटागाडीचा ओल्या कचऱ्याचा कप्पा रोज निदान पाण्याने मारून घ्यायला हवा. हे काम चालक आणि मदतनीस शेडवर करू शकतात, त्याला ठेकेदार लागत नाही. ठेकेदाराची पूर्ण धुलाई दिवसाआड: हॉपर (कचरा भरायची पेटी) आतून-बाहेरून, चेसिस, चाकं, केबिन. कचऱ्यातून झिरपणारं पाणी आम्लधर्मी असतं. ते पत्र्याच्या जोडांत आणि हॉपरच्या तळाशी साचून राहिलं की पत्रा खातं. गाडीचं वय वाढवायचं असेल तर बाहेरच्या रंगापेक्षा तळाच्या निचऱ्याचं भोक मोकळं आहे की नाही हे जास्त महत्त्वाचं.

कॉम्पॅक्टर आठवड्यातून दोनदा, आणि त्याची सांडपाण्याची टाकी रोज रिकामी. टिपर, डंपर, जेसीबी आठवड्यातून एकदा. कार-जीप आठवड्यातून एकदा बाहेरून, महिन्यातून एकदा आतून. शववाहिनी प्रत्येक फेरीनंतर आतून. हे काम चालकाकडेच ठेवा, कारण फेरी कधी निघेल हे वेळापत्रकात बसत नाही. रुग्णवाहिकेचं पुढे वेगळं सांगितलं आहे.

अग्निशमनचे बंब या ठेक्यात घेऊच नका. केंद्रावरचे जवान ते स्वतः धुतात आणि धुताना गाडीची तपासणीही होते. वर्दी आली तर गाडी त्याच क्षणी निघायला हवी. फोम लावलेला बंब आणि होज आवरणारा ठेकेदार ही जोडी केंद्रावर कुणालाच नको असते.

दर महिन्याचा ठोक ठेवावा की गाडीमागे?

गाडीमागे आणि धुलाईमागे. या पानावरचं एकच वाक्य निविदेत उतरवायचं असेल तर हे उतरवा.

ठोक मासिक रकमेच्या ठेक्यात ठेकेदाराचा नफा न धुतलेल्या गाडीत असतो. जितक्या गाड्या राहतील तितकं पाणी, रसायन आणि मजुरी वाचते, देयक मात्र तेवढंच. पहिला महिना छान जातो, तिसऱ्या महिन्यात माणसं निम्मी होतात, आणि देयकावर सही करणाऱ्याकडे मोजायला काही नसतं, कारण मोजमाप करारातच नाही.

म्हणून गाड्यांचे वर्ग पाडा आणि प्रत्येक वर्गाच्या प्रत्येक प्रकारच्या धुलाईचा वेगळा दर मागवा. घंटागाडी पूर्ण धुलाई, कॉम्पॅक्टर पूर्ण धुलाई, कार बाहेरून, कार आतून-बाहेरून, असे आठ-दहा दर पुरे. तुलना मात्र एकेका दरावर करू नका. प्रत्येक दराला वर्षाच्या अंदाजित संख्येने गुणून येणाऱ्या बेरजेवर एल-१ (सर्वात कमी दराचा निविदाकार) ठरवा. नाहीतर ठेकेदार दुर्मीळ कामाचा दर एक रुपया टाकतो, नेहमीच्या कामाचा फुगवतो आणि तरीही एल-१ येतो.

ठेकेदाराच्या बाजूनेही एक अट हवी. त्याचा चमू शेडवर आला आणि गाड्याच आल्या नाहीत, तर त्याचा दिवस वाया जातो. महिन्याच्या ठरलेल्या संख्येच्या समजा ७५ टक्क्यांची किमान हमी द्या. ती नसेल तर शहाणा ठेकेदार हा धोका दरात आधीच धरतो आणि तो पैसा तुम्ही देताच.

अंदाजपत्रक आणि दर-पृथक्करण (दर कशाकशाचा बनला त्याची फोड) कसं करावं?

सुरुवात वेळेपासून करा. घंटागाड्या पहाटे सहाला निघतात आणि दुपारी दोनच्या सुमाराला परततात. अंधार पडेपर्यंत धरलं तर धुलाईला मिळतात साडेचार तास, म्हणजे २७० मिनिटं. हॉपर घासणं, फोम, जेट, केबिन आणि गाडी मागे-पुढे करणं धरून एका घंटागाडीला १५ मिनिटं लागतात. म्हणजे एका चमूच्या १८ गाड्या. दिवसाआड धुलाईत रोज ३० गाड्या येतात, म्हणजे दोन चमू. रोज ६० म्हटलं तर चार.

हा साधा भागाकार तांत्रिक छाननीत फार कामाला येतो. ६० गाड्या रोज धुण्याचं काम एका टेम्पोवर दाखवणारा ठेकेदार एकतर गणितात कच्चा आहे किंवा गाड्या धुणार नाही. आठ तासांची पाळी धरून काढलेलं अंदाजपत्रकही फसवं, कारण सकाळी धुवायला गाडीच नसते. सकाळच्या वेळेत कार-जीप, टँकर आणि जेसीबी बसवता येतात. तसं वेळापत्रक निविदेतच दिलंत तर दर उतरतात.

मजुरीत किमान वेतन धरा. भविष्य निर्वाह निधी लागू असेल तिथे मालकाचा वाटा प्रशासकीय खर्च आणि विम्यासह १३ टक्के, राज्य कामगार विम्याचा मालकाचा वाटा ३.२५ टक्के, किमान बोनस ८.३३ टक्के. म्हणजे वेतनाच्या शंभर रुपयांवर २४-२५ रुपये आणखी, वर सुट्टीच्या बदलीचा माणूस. गणवेश, गमबूट, हातमोजे, चष्मा वेगळे. नुसती मजुरी आणि देणी मिळून जी रक्कम होते तिच्याही खाली एखादी निविदा आली, तर ती कुणाच्या तरी पगारातून भागवली जाणार हे उघड आहे. अशा निविदाकाराकडून लेखी दर-पृथक्करण मागवण्याची आणि ते पटलं नाही तर निविदा नाकारण्याची अट आधीच घालून ठेवा. नंतर घालता येत नाही.

पाणी किती लागतं आणि ते कुणी द्यायचं?

प्रेशर पंप मिनिटाला साधारण १२ लिटर पाणी टाकतो. घंटागाडीवर ट्रिगर आठेक मिनिटं दाबलेला असतो, म्हणजे शंभर लिटर. साध्या पाइपने तीच गाडी धुवायला तीनशे-चारशे लिटर जातात आणि कोपऱ्यातला थर तरीही निघत नाही. रोजच्या ३० गाड्यांना ३००० लिटर, प्रत्येक चमूला पाळीत टाकी निदान एकदा पुन्हा भरावी लागणार.

ती कुठे भरायची हे निविदेत लिहिलं नाही तर ठेकेदार ती जवळच्या बोअरवर किंवा सार्वजनिक नळावर भरतो, आणि मे महिन्यात त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या वस्तीत पिण्याच्या पाण्याने कचऱ्याच्या गाड्या धुणं नागरिक सहन करणार नाहीत, करूही नये.

मैलाशुद्धीकरण केंद्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी वापरा. केंद्र शासनाच्या सीपीएचईईओ संस्थेच्या २०१३ च्या सांडपाणी नियमपुस्तिकेत वाहनं बाहेरून धुणं हा या पाण्याचा वेगळा वापर म्हणून दिला आहे आणि त्यासाठी गुणवत्तेचे निकषही आहेत. दोन पथ्यं मात्र पाळा. पाणी निर्जंतुक केलेलं हवं, कारण जेटमधून उडणारे तुषार माणसाच्या श्वासात जातात. आणि हे पाणी रुग्णवाहिकेच्या किंवा कुठल्याही गाडीच्या आत वापरू नये. टाकीवर मोठ्या अक्षरांत ‘प्रक्रिया केलेले पाणी, पिण्यासाठी नाही’ असं लिहा. उन्हात काम करणारा मजूर तहानेला त्याच नळाला हात लावतो.

धुतलेलं पाणी कुठे जाणार?

हा प्रश्न निविदेत नसतो आणि नंतर तोच सगळ्यात जास्त त्रास देतो. नदीच्या घाटांवर ‘येथे वाहने धुण्यास सक्त मनाई आहे’ असे फलक पालिकाच लावते. त्याच पालिकेच्या कचरागाड्यांचं पाणी पावसाळी गटारातून त्याच नदीत गेलं तर बोलायला तोंड राहत नाही. पावसाळी गटाराचं पाणी प्रक्रियेला जात नाही, थेट नाल्यात उतरतं. मलवाहिनी वेगळी, आणि कित्येक शेडवर या दोन्हींतला फरक कुणी तपासलेला नसतो. झाकण उघडून पाहा.

पर्यावरण संरक्षण नियम १९८६ मधल्या सर्वसाधारण मानकांनुसार नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, सार्वजनिक मलवाहिनीत २०. पाण्यात न विरघळता मिसळून राहणाऱ्या घन पदार्थांची मर्यादा नदी-नाल्यासाठी १०० आणि मलवाहिनीसाठी ६००. घंटागाडीचं पहिलं पाणी या कशातच बसत नाही.

उपाय फार खर्चिक नाही. प्रत्येक शेडवर उताराचा काँक्रीटचा ओटा, कडेला जाळी, मग गाळ बसायची टाकी, मग तेल अडवणारा कप्पा, आणि शेवटी मलवाहिनी. हे बांधकाम पालिकेने करावं, गाळ काढण्याचं काम ठेकेदाराला द्यावं. गाळ किती दिवसांनी काढायचा आणि कुठे न्यायचा तेही लिहा, नाहीतर दोन महिन्यांत टाकी भरते आणि पाणी वरून वाहतं. तेलकट गाळ कचरा डेपोवर ओतता येत नाही. तो घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे अधिकृत संस्थेकडेच गेला पाहिजे. ओटा होईपर्यंत उभ्या कडांची ताडपत्री अंथरून पाणी ओल्या व्हॅक्यूमने ओढून घेण्याची अट घाला. ती ताडपत्री महिनाभरात फाटते, म्हणून हा तात्पुरताच मार्ग.

कोणती रसायनं चालतील?

सौम्य, विघटनशील डिटर्जंटचा फोम नेहमीच्या धुलाईला पुरतो. ग्रीससाठी अल्कधर्मी डिग्रीझर, तोही चेसिसपुरता. ठेकेदाराने प्रत्येक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक द्यावं आणि डबा मूळ लेबलसह असावा. शीतपेयाच्या बाटलीत भरलेलं रसायन शेडवर दिसता कामा नये.

डिझेल किंवा रॉकेलची फवारणी मात्र स्पष्ट शब्दांत बंद करा. गॅरेजमध्ये चेसिस काळंभोर चकचकीत दिसावं म्हणून डिझेल मारायची जुनी सवय आहे. त्याने रबराचे बुश आणि पाइप फुगतात, धूळ दुप्पट चिकटते आणि ते सगळं पुढच्या धुलाईत गटारात जातं. चाकांवर ॲसिड मारणंही बंद.

कॉम्पॅक्टर आणि सक्शन गाड्यांबाबत वेगळी काळजी कोणती?

कॉम्पॅक्टरच्या मागच्या भागात माणूस वाकून किंवा चढून घासतो आणि वर दाबपट्टी असते. गाडी बंद, पीटीओ (इंजिनची शक्ती हायड्रॉलिकला देणारी जोडणी) बंद, चावी धुणाऱ्याच्या खिशात, आणि मागचं झाकण वर असेल तर त्याखाली लोखंडी आधार. हायड्रॉलिकच्या भरवशावर उचललेल्या झाकणाखाली कुणीही जाऊ नये. चावी चालकाच्या खिशात राहिली की तो सवयीने गाडी चालू करतो, म्हणून ती धुणाऱ्याकडेच हवी.

सक्शन गाडीच्या (मैला-गाळ ओढून घेणाऱ्या) टाकीत माणूस उतरवायचा नाही. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तिथे जीव घेणारे वायू या टाकीतही असतात. टाकी बाहेरून जेटने आणि मागचं दार पूर्ण उघडून धुवावी. तेवढ्याने भागत नसेल तर ते काम गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या सेवा केंद्राचं.

इलेक्ट्रिक गाड्या प्रेशरने धुतल्या तर चालतात का?

चालतात, पण कुठेही जेट मारून नाही. २०२२ पासून शासकीय आणि पालिकेच्या नवीन गाड्या इलेक्ट्रिकच घेण्याचं राज्याचं धोरण असल्याने या गाड्या वाढत जाणार. बॅटरीवर ‘आयपी६७’ लिहिलेलं असतं आणि विक्रेता सांगतो, पाण्यात बुडली तरी काही होत नाही. ती चाचणी एक मीटर खोल शांत पाण्यात अर्धा तास ठेवण्याची असते. जवळून मारलेल्या जोरदार जेटची चाचणी वेगळी, आणि तिचा दर्जाही वेगळा लिहिलेला असतो.

चार्जिंग चालू असताना धुलाई नाही. चार्जिंगचं झाकण बंद आहे हे आधी पाहायचं. केशरी रंगाच्या केबल, त्यांचे जोड आणि बॅटरीची पेटी यांवर जेट नाही, ओल्या फडक्याने पुसणं. उत्पादकाच्या पुस्तिकेतलं धुलाईचं पान फोटोकॉपी करून निविदेला जोडा.

रुग्णवाहिका कशी स्वच्छ करायची?

बाहेरून इतर गाड्यांसारखी. आतून पाइप अजिबात नाही: विजेचे बोर्ड, ऑक्सिजनची जोडणी, स्ट्रेचरचे रूळ, सगळं तिथे असतं. पुसूनच घ्यायचं, वरून खाली आणि पुढून मागे.

रक्त किंवा उलटी सांडली असेल तर तिची पहिली सफाई प्रशिक्षित सहायकाने फेरी संपताच करायची. ती ठेकेदाराच्या मजुरावर सोडायची नाही. शोषून घेणारा कागद, त्यावर एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट, किमान दहा मिनिटं थांबणं, मग पुसणं आणि तो कागद जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. नंतर धातूचे भाग साध्या पाण्याने पुसायचे, हायपोक्लोराइट त्यांना गंजवतं. ते ॲसिडच्या क्लीनरमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद गाडीत तो जीवावर बेततो, म्हणून दोन्ही डबे एका टेम्पोत ठेवायलाही मनाई हवी.

डिटेलिंग घ्यावं का?

रुग्णवाहिकेची आतली सखोल सफाई, चालकांच्या केबिनमधल्या सीट, वर्षातून दोनदा कारचं व्हॅक्यूम आणि सीट-सफाई, इतपत ठीक. टेफ्लॉन, सिरॅमिक, रबिंग-पॉलिश हे सार्वजनिक पैशातून कशासाठी, याचं उत्तर टिपणीत लिहून दाखवता आलं तर घ्या. मला अजून पटणारं उत्तर सापडलेलं नाही. घंटागाडीच्या चालकाची केबिन मात्र कुणीच यादीत घालत नाही. आठ तास तिथे बसणाऱ्या माणसाची सीट महिन्यातून एकदा धुतली गेली तर तो पैसा सत्कारणी लागला.

निविदा प्रक्रिया कशी? छोट्या स्थानिक वॉशिंगवाल्यांना संधी देता येते का?

महापालिकेत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९, नगरपरिषदेत १९६५ चा अधिनियम, आणि खरेदीसाठी १ डिसेंबर २०१६ चा शासन निर्णय व त्यानंतरच्या सुधारणा. ई-निविदा महाटेंडर्स संकेतस्थळावर. ई-निविदा किती रकमेच्या वर लागते ती मर्यादा शासन वेळोवेळी बदलतं, टिपणी ठेवण्याच्या दिवशीची पाहा.

छोट्यांसाठी कामाचे तुकडे पाडून ई-निविदा टाळू नका, तो सरळ आक्षेप. एकाच निविदेत परिमंडळनिहाय भाग करा आणि एका निविदाकाराला जास्तीत जास्त दोन भाग, अशी अट घाला. उलाढालीची अट त्या भागाच्या रकमेशी जुळती ठेवा. ‘महापालिकेत तीन वर्षं वाहन धुलाईचा अनुभव’ अशी अट घातलीत तर शहरातली सगळी चांगली वॉशिंग सेंटरं बाहेर राहतात आणि मनुष्यबळ पुरवणारा एखादा मोठा ठेकेदार येऊन त्यांनाच पोटठेका देतो. त्यापेक्षा प्रात्यक्षिक ठेवा. तांत्रिक छाननीत प्रत्येकाने एक घंटागाडी धुऊन दाखवायची, घड्याळ लावून, पाण्याचं मीटर लावून. निकष आणि गुण निविदेत आधीच छापलेले हवेत.

धुणाऱ्या कामगारांबाबत पालिकेची जबाबदारी काय?

ठेकेदाराने वेतन थकवलं तर मुख्य मालक म्हणून जबाबदारी पालिकेवर येते. देयकासोबत मागच्या महिन्याचं बँकेत जमा झालेल्या वेतनाचं पत्रक, निर्वाह निधी आणि कामगार विम्याची चलनं मागा. चलनातली नावं शेडवरच्या हजेरीशी जुळवा, नुसती रक्कम पाहू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आहेत. जुन्या निविदेतली कायद्यांची यादी तशीच चिकटवलेली असेल तर ती काढा.

गाडी खरंच धुतली हे कसं ताडायचं?

जीपीएस कॅमेऱ्याचे फोटो सगळेच मागतात आणि त्या फोटोंचा ढीग कुणीच पाहत नाही. एकच गाडी चार कोनांतून काढून चार गाड्या दाखवता येतात. म्हणून फोटोत नंबरप्लेट आणि हॉपरचा तळ दोन्ही हवेत, आणि एक साधी तीन प्रतींची पावती हवी: गाडी क्रमांक, किलोमीटर रीडिंग, वेळ, धुलाईचा प्रकार, चालकाची आणि मुकादमाची सही.

खरी ताकद व्हीटीएसमध्ये (गाडी कुठे आहे हे दाखवणाऱ्या यंत्रणेत) आहे. घंटागाड्यांवर जीपीएस बसवलेलेच असतात. पावतीवर ‘दुपारी ३.१०, शेड क्रमांक ४’ लिहिलंय आणि त्या वेळी गाडी कचरा डेपोवर उभी आहे, हे संगणक क्षणात दाखवतो. देयक तपासताना महिन्यातल्या पन्नासेक पावत्या अशा पडताळल्या तरी पुरे. हे होतं आहे एवढं कळलं की खोट्या पावत्या आपोआप कमी होतात.

‘स्वच्छ’ म्हणजे काय तेही लिहा. हॉपरच्या कोपऱ्यात थर नाही. निचऱ्याचं भोक मोकळं. नंबर, दिवे आणि रिफ्लेक्टरची पट्टी स्पष्ट. गाडी पंधरा मिनिटं उभी केल्यावर खाली काळं पाणी नाही. वासावर वाद होतात, या चारांवर होत नाहीत.

दंड किती ठेवावा?

न धुतलेल्या गाडीचे पैसे नाहीतच, शिवाय त्या धुलाईच्या दराइतका दंड. खोटी पावती सापडली तर दहापट, आणि तिसऱ्यांदा सापडली तर ठेका रद्द. रसायन किंवा सांडपाण्याच्या अटीचा भंग वेगळा धरा. दंड अव्वाच्या सव्वा लिहिला की कुणी तो लावत नाही.

पावसाळ्यात आणि गणेशोत्सवात काय बदल?

कार-जीपची बाहेरची धुलाई पावसाळ्यात निम्मी करा. घंटागाडीची कमी करू नका, उलट ओला कचरा जास्त पाणी सोडतो. मुंबई-कोकणात विसर्जनाच्या कामाला वाळूत किंवा भरतीच्या पाण्यात गेलेले टिपर, ट्रॅक्टर आणि जेसीबी त्याच रात्री गोड्या पाण्याने चेसिसखालून धुतले पाहिजेत. ही जादा धुलाई दरपत्रकात वेगळी ओळ म्हणून आधीच घ्या, नाहीतर अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मंजुरी घेत बसावं लागतं.

देयक, जीएसटी आणि उशीर?

दर जीएसटी वगळून मागवा. करपात्र कंत्राटाचं मूल्य अडीच लाखांच्या वर असेल तर पालिकेला २ टक्के जीएसटी टीडीएस कापावा लागतो. आयकराची कपात वेगळी. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला २००६ च्या कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही मासिक चक्रवाढीने व्याज लागतं. ठेकेदारांनी नोंदणी करून ठेवावी. पालिकांनी आपल्या लेखा विभागाला हे कलम वाचून दाखवावं.

धुताना गाडीचं नुकसान झालं तर?

ठेका सुरू होताना प्रत्येक गाडीची संयुक्त पाहणी करा, फोटोसह: तडे, फुटके दिवे, गंज. ती नसेल तर प्रत्येक जुना ओरखडा ठेकेदाराच्या माथी बसतो किंवा खरं नुकसानही नाकारलं जातं. अल्टरनेटर, ईसीयू (इंजिनचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) आणि एअर फिल्टरवर थेट जेट मारायला मनाई लिहा. त्रयस्थ नुकसानीचा विमा ठेकेदाराने काढावा.

ठेकेदार मध्येच काम सोडून गेला तर?

एल-२ ला एल-१ च्या दराने काम देण्याची तरतूद निविदेत ठेवा आणि सुरक्षा अनामत परिमंडळनिहाय घ्या, म्हणजे एका भागातलं काम बंद पडलं तरी दुसऱ्या भागाचा ठेका अडकत नाही. मधल्या दिवसांसाठी प्रत्येक शेडवर पालिकेचा स्वतःचा एक साधा प्रेशर पंप, पन्नास फूट पाइप आणि दोन लांब दांड्याचे ब्रश असावेत. पंपाची चावी मुकादमाकडे, आणि पंधरा दिवसांतून एकदा तो चालू करून पाहावा.